मागच्या सीटवरून जैसलमेर

सरका जरा. अजून. उजवी खिडकी आजीची आहे, ती मागायची नाही. डावी ताईला, कारण तिला गाडी लागते. आजीशेजारी आई, आणि आई नि ताईच्या मधे जी वीतभर जागा उरली आहे ती तुमची. तुमचं वय आता दहा वर्षं. गुडघ्यावर परवाच पडल्याची खपली आहे. गाडीच्या तळाशी मधोमध उंचवटा आहे, त्यामुळे पाय एकीकडे सोडावे तर ताईच्या चपलांवर, दुसरीकडे सोडावे तर फिरकीच्या तांब्यावर. बसा तसेच. पुढे बाबा, काका आणि दोघांच्या मधे धाकटा. ॲम्बॅसेडरची पुढची सीट सलग असते आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणून मधे एक पोर सहज मावतं.

पहाटेचे पावणेचार. जोधपूर झोपलेलं आहे. १९७० च्या दशकातला मे महिना, शाळेला सुट्टी. बाबांची नोकरी जोधपुरात आणि आतोबांची नुकतीच जैसलमेरला बदली झालेली. आत्याचं पत्र आलं, इथे बोलायला माणूस नाही, सगळे या. आगगाडीनं जाता आलं असतं. पण बाबांनी या वर्षी जुनी ॲम्बॅसेडर घेतली आहे आणि २८५ किलोमीटरचा रस्ता तिला दाखवायचा त्यांनी ठरवलंय. "वाळवंटात? आणि मे महिन्यात?" असं आजीनं विचारलं खरं, पण विचारतानाच तिनं दशम्यांचं पीठ दुधात भिजवायला घेतलं होतं.

निघायच्या आधी एकदा उतरून गाडीच्या पुढे या आणि वाका. बंपरला दोरीनं बांधलेली ही जाड कॅनव्हासची पिशवी म्हणजे छागळ. काल संध्याकाळपासून ती भिजत ठेवली होती, आता गळ्यापर्यंत भरून बूच ठोकलंय. कापडातून पाणी पाझरतं, गाडीच्या वाऱ्यानं ते वरच्या वर सुकतं आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हात लावून बघा. गार आहे, ओलसर आहे, आणि तिला भिजलेल्या जाड कापडाचा वास आहे. आज दिवसभर याच वासाचं पाणी प्यायचं आहे. डिकीत पाण्याचे आणखी दोन डबे, पेट्रोलचा एक डबा, पंक्चरचं सामान आणि पायानं मारायचा पंप. टपावर कॅरिअरला ट्रंका आणि वळकट्या, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर काकांनी आवळलेली दोरी. काकांच्या गाठी सुटत नाहीत. पुढे सोडवतानाही सुटत नाहीत.

चला, बसा. बाबा चोक ओढतात, इंजिन दोनदा खोकतं आणि लागतं. वर मेहरानगडाचा काळा कडा आकाश अडवून उभा आहे. गल्लीत माणसं घराबाहेर बाजांवर झोपली आहेत, दिव्याच्या झोतात एखादा पाय दिसतो, एखादी पालथी पडलेली चप्पल. शहर संपतं आणि खिडकीतून एकदम गार वारा आत येतो. आई शाल काढते. हो, शाल! दुपारी हिची आठवण झाली तरी अंगाला चटका बसेल, पण रेती जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते, आणि पहाटे चारला ती पुरती निवलेली असते. ताईच्या खांद्यावर मान टाका. ती ढकलेल, पुन्हा टाका.

डोळे उघडाल तेव्हा उजाडलेलं असेल, आणि तुम्ही थोडे हिरमुसाल. कारण वाळूच्या टेकड्या कुठेच नाहीत. कॅलेंडरवर पाहिलेलं ते लाटालाटांचं वाळवंट जास्त करून जैसलमेरच्याही पलीकडे आहे. इथे आहे दगडाळ, पिवळट, पसरट जमीन, आणि तिच्यावर एकमेकांपासून लांब लांब उभी असलेली खेजडीची झाडं. बालेसरच्या आसपास जमिनीखालून वालुकाश्म निघतो, आणि लोक त्याच्या उभ्या फाड्या रोवून शेताला कुंपण करतात. माणसाएवढे लाल दगड ओळीनं उभे, मैलच्या मैल. घरांची छपरंसुद्धा दगडी पट्ट्यांची. लाकूड वाया घालवायची इथे रीत नाही. खेजडीचं तर नाहीच. तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना, सावली सगळ्यांना.

डांबरी रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून ट्रक आला की दोघांनी एकेक चाक खाली उतरवायचं, आणि कोण आधी उतरवतो याची एक बिनबोलती परीक्षा असते. बाबा दर वेळी आधी उतरवतात. धाकटा दर वेळी विचारतो, "आपणच का?" बाबा म्हणतात, "त्याच्यात दहा टन दगड आहे, आपल्यात आजी आहे." जागोजागी रस्त्यावर रेतीची जीभ आलेली असते. टायर त्यात शिरले की आवाज बदलतो, खरखर थांबून एक मऊ घसर येते आणि गाडी किंचित शेपूट हलवते. सगळे गप्प होतात. परत डांबर लागलं की सगळे एकदम बोलायला लागतात.

सात वाजता देचूच्या अलीकडे चहा. कोळशाची शेगडी, काळंकुट्ट पातेलं, बकरीचं दूध. वास आधी येतो आणि तुम्ही नाक मुरडता. आई डोळे वटारते. एक घोट घ्या. दाट, खूप गोड, आल्याचा झणका. दुसरा घोट मागाहून आपोआप घेतला जातो. शेजारच्या बाजेवर साफा बांधलेले दोन म्हातारे बसलेत, ते "राम राम सा" म्हणतात आणि गाडीच्या टपाकडे, मग आजीकडे, मग तुमच्याकडे निवांत बघतात. एवढ्या उन्हाचं कुठे, असं त्यांनी विचारल्यावर काका अभिमानानं सांगतात, जैसलमेर. त्यातला एक जण उठतो, पुढे येऊन छागळ चाचपतो, आणि मान हलवतो. पास.

आता पुढच्या दोन तासांचं काय सांगू! नऊच्या सुमारास गाडीतलं बोलणं संपतं. सीटचं रेक्झिन तापतं आणि मांड्यांना चिकटतं. आई त्यावर टॉवेल घालते, मग टॉवेल तापतो. खिडकीच्या पुढची तिकोनी काच वळवली की आजीच्या तोंडावर नेमका वारा येतो. इतका वेळ तो सुखाचा होता. आता बाहेरची हवा तुमच्या अंगापेक्षा गरम झाली आहे, आणि मग वाऱ्याचा उपयोग संपतो. तो अंगावरून उष्णता नेत नाही, आणून टाकतो. हीच लू. आई ओले पंचे खिडक्यांच्या काचांत अडकवते. पाच मिनिटं गाडीत सुख. मग पंचा कडक होतो, कांजी केल्यागत, आणि पुन्हा भिजवायचा.

दंडावर जीभ लावून बघा. खारट आहे ना? घाम आला कधी हे तुम्हाला कळलंही नाही. मुंबईकडे घाम ओघळतो, चिकचिकतो, सांगून येतो. इथे तो त्वचेवर येताक्षणी उडतो आणि मागे नुसतं मीठ ठेवतो. म्हणून इथे तहान लागायच्या आधी प्यायचं. आई थर्मासमधून कैरीचं पन्हं देते, साखर कमी नि मीठ जास्त. आजीनं तुमच्या खिशात एक कांदा ठेवलाय, लू बाधू नये म्हणून. तो आता कोमट झालाय आणि तुम्ही अख्खेच्या अख्खे कांद्याच्या वासाचे झाला आहात. काढून टाकायची बिशाद नाही. समोर रस्त्यावर पाणी चमकतंय, त्यात झाडं उलटी दिसतात. धाकटा ओरडतो, "तळं!" तो दर दहा मिनिटांनी ओरडतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा प्रकाश वाकवते आणि आकाशच खाली दाखवते, हे काकांनी त्याला समजावलंय. त्याला पटलेलं नाही. खरं सांगायचं तर तुम्हालाही नाही.

आणि मग बॉनेटखालून शीळ वाजते.

बाबा गाडी बाजूला घेतात. वाफ, तापलेल्या रबराचा वास, आणि इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरते ती कानात दुखते. बॉनेट उघडतात तेव्हा हँडलला हात लावताना बाबा सदऱ्याची बाही पुढे ओढतात. रेडिएटरचं झाकण आत्ता उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येईल. काका गोणपाटाचा तुकडा भिजवून एसी पंपावर ठेवतात. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा तो पंप. तोही इतका तापलाय की पेट्रोलची आतच वाफ होते. डब्यातलं पाणी? एक डबा पंच्यांनीच संपवला. दुसरा अर्धा, आणि तो प्यायचा. आई तो मांडीजवळ ओढून घेते. त्या एका हालचालीनं तुम्हाला पोटात काहीतरी कळतं.

माणूस कुठून येतो ते दिसत नाही. इतका वेळ सपाट रान होतं, मग एक उंट होता, मग उंटाशेजारी पांढरी धोतर-बंडी आणि लाल साफा. तो गाडीकडे बघतो, मुलांकडे बघतो. "गाडी नै ठंडी होवण दो," तो म्हणतो, आणि हातानं दाखवतो, तिकडे, ढाणी, म्हणजे रानातली छोटी वस्ती. चला.

दोनशे पावलं असतील. ती चालताना चपलेच्या तळव्यातून जमीन वर येते. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत तीन गोल झोंपडे, मातीच्या भिंती, वर रानातल्या खीपेचं शाकारलेलं टोकदार छप्पर. दार इतकं बुटकं की बाबांना कमरेत वाकावं लागतं. आत शिरा. डोळ्यांपुढे काळोख होतो आणि अंगावरून कुणीतरी तापलेली घोंगडी काढून घेतल्याचं सुख मिळतं. शेणानं सारवलेली जमीन गार आहे. त्यावर सरळ आडवे व्हा, कुणी काही म्हणत नाही. धूर, शेण, बाजरीचं पीठ आणि कुठेतरी ताकाचा आंबूस वास. बाहेर भट्टी पेटलीय आणि वीतभर मातीच्या भिंतीनं ती बाहेरच थोपवलीय.

घरातली म्हातारी आजीसमोर बसते. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्यांचा चुडा, ओढणीचा पदर पुढे ओढलेला. ती मारवाडीत बोलते, आजी सोलापूरकडच्या मराठीत. दोघी एकमेकींना "हो" म्हणतात.

तुमच्याच वयाची एक मुलगी कोपऱ्यातून चुंबळ आणि घडा उचलते आणि तुम्हाला खुणावते. जा तिच्याबरोबर. बघायलाच हवं असं काही आहे.

अंगणाच्या पलीकडे जमीन बशीसारखी उतरती केली आहे, झाडून लख्ख, एक लेंडी नाही, एक काडी नाही. हिला आगोर म्हणतात. मुलगी कडेला थांबून तुमच्या पायांकडे बोट दाखवते. चपला काढा. या जमिनीवरचं पाणी प्यायचं असतं, इथे चपलेनं चालत नाहीत. काढा, आणि मग जे कराल त्याला चालणं म्हणता येणार नाही. तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत, हाय हुय करत मधल्या चुन्याच्या गोल ओट्यापर्यंत पोचता. ती शांत चालत येते, अनवाणी, आणि तोंडावर ओढणी धरून पोट धरधरून हसते.

ओट्याच्या मधोमध लोखंडी झाकण, आणि झाकणाला कुलूप.

ते कुलूप नीट बघून घ्या. घराच्या दाराला कुलूप नाही, तिथे दारच धड नाही. कुलूप पाण्याला आहे. किल्ली मुलीच्या गळ्यातल्या दोऱ्यात. खाली टांका आहे, जमिनीत खणलेला, आतून चुन्यानं गुळगुळीत केलेला हौद. पाऊस पडला की आगोरावरचा थेंब न् थेंब बाजूच्या छिद्रांतून आत उतरतो. छिद्रांना जाळी, साप-उंदीर जाऊ नयेत म्हणून. या भागात वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेवढा महाबळेश्वरला आषाढातल्या एका दिवसात होऊ शकतो. इथल्या माणसांनी तेवढ्या पावसावर गावं वसवली, गुरं पाळली, पोरं वाढवली, आणि त्याचं सगळं गणित या उतरत्या अंगणात आणि या कुलपात आहे. धरणांची गणितं आपण शाळेत शिकतो. टांक्याचं कुणीच शिकवत नाही, आणि हे मला फार चुकीचं वाटतं.

मुलगी बादली सोडते. लांब, पोकळ 'डुब्' असा आवाज येतो. झाकणावर वाका. आतून गार, मातकट श्वास तोंडावर येतो. घड्याला गाळणीचं फडकं लावून ती पाणी ओतते आणि पहिला लोटा तुमच्या हातात देते. प्या. हे गेल्या वर्षीच्या पावसाचं पाणी आहे. चव नाहीच, आणि तीच त्याची चव.

परत आल्यावर एक गोष्ट घडते. ताई लोट्यातलं उरलेलं पाणी, घरी टाकते तसं, दाराबाहेर भिरकावते. कुणी काही बोलत नाही. म्हातारी बोलायची थांबते फक्त. कुठूनतरी एक शेळी धावत येते आणि ओल्या मातीवर जीभ फिरवू लागते. ती थांबेपर्यंत सगळे तिच्याकडेच बघतात. ताईचे कान लाल होतात. म्हातारी हात पुढे करून तिच्या केसांवरून फिरवते आणि पुन्हा लोटा भरून देते.

रेडिएटरला कुठलं पाणी द्यायचं, हे तुम्ही विचारणारच होतात. हे नाही. त्यासाठी तो लाल साफेवाला वेगळा घडा घेऊन येतो. विहिरीचं खारं पाणी, गुरांचं. गोडं पाणी माणसांना, खारं जनावरांना आणि आज ॲम्बॅसेडरला. त्यातलंही तो मापानं देतो, आणि बाबा मापानंच घेतात.

उन्हं उतरेपर्यंत निघायचं नाही, असं ठरतं. कोण ठरवतं ते कळत नाही, बाजा टाकल्या जातात एवढं खरं. जेवण येतं. बाजरीचा जाड सोगरा, त्यावर तुपाची धार, लाल मिरची-लसणाची चटणी, ताकात शिजवलेली बाजरीची राब, आणि एका वाडग्यात केर-सांगरी. आजी सोगऱ्याचा तुकडा मोडते, वास घेते आणि एकदम खुलते, "अगं, ही आपली भाकरी की! फक्त जाड थापलीय." आई दशम्या पुढे करते. म्हातारी दशमी उलटसुलट करून बघते. कुठल्या धान्याची, कशात भिजवली, किती दिवस टिकते, असं सगळं विचारून होतं आणि मग सावकाश चावते. केर हे काटेरी झुडपाचं मिरीपेक्षा थोडं मोठं फळ, मुळात इतकं तुरट-कडू की ताकात किंवा मिठाच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवावं लागतं. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. सध्या त्यांचाच हंगाम, म्हणून बाहेर एका बाजेवर वाळत पडल्यात. पाऊस झाला नाही, बाजरी आली नाही, तरी हे दोन येतातच. तोंडात घाला. आंबट, किंचित कडू, मग तेलातल्या ओव्याचा वास, मग मिरची. मिरची बराच वेळ राहते.

जेवल्यावर भांडी. राख नि वाळू, आणि एक थेंबही नाही. मुलगी बसून मूठभर कोरडी वाळू पितळीत फिरवते, कडेनं आत, आतून कडेला, मग फडक्यानं पुसते आणि उन्हात धरते. पितळी झळाळते. आई ती हातात घेऊन नखानं कड घासून बघते, वास घेते, आणि परत देताना काही बोलत नाही. अंघोळसुद्धा इथे बाजेवर बसून करतात, खाली परात ठेवून, म्हणजे अंगावरचं पाणी पुन्हा गुरांना नाही तर झाडाला. हे काका ऐकून येतात आणि धाकट्याला सांगतात. धाकट्याला अंघोळ न करण्याचं इतकं चांगलं कारण आजवर कुणी दिलेलं नसतं.

झोपा आता. छपरातून उन्हाची एक सुई जमिनीवर पडलीय आणि ती हळूहळू तुमच्या पायाकडे सरकतेय. बाहेर लू भुंकतेय. शेळीची घंटा, जात्याची घरघर, आजीचं घोरणं.

साडेचारला निघताना बाबा पैसे काढतात आणि साफेवाला दोन्ही हात मागे घेतो. मग आई दशम्यांचा उरलेला डबा आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी म्हातारीच्या हातात ठेवते. ते मात्र घेतलं जातं. मुलगी छागळ भरून आणते. गोड्या पाण्यानं. कुलूप पुन्हा उघडलं होतं.

पोखरण पटकन उरकू, कारण तसंच ते उरकतं. लाल दगडाचा किल्ला, पेट्रोल, टायरमधली हवा, आणि कुंभारांच्या ओळीत मांडलेली मातीची भांडी. आजी एक सुरई निवडायला अर्धा तास लावते, प्रत्येकीवर टिचकी मारून कान देते, आणि निवडलेल्या सुरईचा पुढचा सगळा प्रवास तुमच्या मांडीवर होतो.

त्यानंतर रस्ता आणखी रिकामा होतो. लाठीच्या बाजूला सेवण गवताचे पिवळे पट्टे दोन्हीकडे, त्यात पांढऱ्या थारपारकर गायी. उन्हं तिरपी होतात. काका एकदम बाबांच्या दंडावर हात ठेवतात, "थांब, थांब, आवाज करू नको." गवतात मीटरभर उंचीचा पक्षी उभा आहे. भुरी पाठ, लांब पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. तो चालतो, थांबतो, पुन्हा चालतो, घाई नाही. इथे त्याला गोडावण म्हणतात. आजी खिडकीबाहेर अर्धी झुकते. "हा माळढोक! आमच्या सोलापुराकडच्या माळावर असायचा. माझे वडील दाखवायचे." तिचा आवाज लहान मुलीचा झालाय. आणखी एक दिसतो. मग तिसरा. मोजा, हवे तेवढे वेळ बघा. इथून परत आपल्या काळात गेलात की या पक्ष्याची देशातली संख्या दीडशेच्या आसपास उरलेली असेल, आणि याच आकाशात ओढलेल्या विजेच्या तारांना धडकून तो मरत असेल. म्हणून आत्ता डोळे भरून बघा. माझी एवढी एकच विनंती आहे.

पक्षी आधी बसतो. मग वारा पडतो. गायी एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात. पश्चिमेला क्षितिज दिसत होतं तिथे आता एक तपकिरी भिंत आहे, आणि ती उंच होतेय. "आंधी," बाबा म्हणतात आणि गाडी रस्त्याच्या कडेला वळवून तिची पाठ भिंतीकडे करतात. काचा वर! तिकोनी काचसुद्धा! काका दगड घेऊन चाकांना लावतात आणि धावत आत येतात. दार लागतं, आणि अंधार होतो.

पिवळा, मग तांबडा, मग काळा. बॉनेट दिसत नाही. गाडी स्प्रिंगांवर डुलते. बाहेरून काचेवर रेती तडतडते, टपावर ताडपत्री फडफडून थापडा मारते. काचा बंद आहेत तरी धूळ येते. पेडलांच्या फटींतून, डॅशबोर्डाखालून, कुठून कुठून. आई ओला पदर धाकट्याच्या नाकावर धरते. तुमच्या दातांखाली कचकच. पापण्यांवर वजन. आतली हवा कोंडून इतकी तापते की श्वास गिळावा लागतो. आजी डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय, मधे खोकला येतो, पुन्हा तिथूनच उचलते. तुम्ही सुरई छातीशी धरली आहे. सोडू नका.

किती वेळ, कुणास ठाऊक. मग टपावर एक टपोरा थेंब. दुसरा. पाचपंचवीस असतील फार तर, काचेवर चिखलाचे ठिपके उमटतात, बस्स. पण दार उघडा. हवा गार झाली आहे! आणि तो वास, तापलेल्या मातीवर पडलेल्या पाण्याचा, इतका जोरकस की काका हात पसरून नुसते उभे राहतात. सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झालेत, फक्त डोळे आपापले. ताई धाकट्याकडे बघते, धाकटा आजीकडे, आणि हसू फुटतं ते थांबत नाही.

रस्ता मात्र गेला. जिथे डांबर होतं तिथे रेतीचा बांध आहे. मागचं चाक फिरतं आणि खोल जातं. उतरा. टायरमधली हवा थोडी सोडायची, म्हणजे ते पसरट होऊन रेती धरतात. चाकांपुढची रेती हातांनी उकरायची, तिथे गवताच्या पेंढ्या आणि चपटे दगड घालायचे, आणि मग सगळ्यांनी मिळून ढकलायचं. आईसुद्धा, पदर खोचून. समोरून आलेल्या ट्रकमधले दोघं न बोलावता येऊन खांदा लावतात. गाडी हिसका देऊन निघते, तुमच्या तोंडावर रेतीची शेवटची ओंजळ फेकून. मग पायपंपानं चारी टायरमध्ये हवा. पाळी पाळीनं. तुमची पाळी वीस फेऱ्यांची. सतराव्या फेरीला पोटरी पेटते. पूर्ण करा.

जैसलमेरला पोचता तेव्हा रात्रीचे दहा वाजलेत, आणि वादळानं वीज गेलेली. ज्या किल्ल्यासाठी लोक लांबून येतात, रावळ जैसलनं ११५६ मध्ये पाया घातलेला तो सोनेरी किल्ला म्हणजे आत्ता आकाशातला एक जास्त काळा ठोकळा आहे, त्यात चारदोन कंदील. रंग सकाळी बघू. आत्ता उतरा आणि आत्याच्या दारापर्यंतच्या या बोळात भिंतीला तळहात लावा. सूर्य मावळून अडीच तास झाले, हवेत गारवा आहे, आणि पिवळा दगड अजून गरम आहे. बोळात शेण, तूप आणि रॉकेलच्या कंदिलाचा वास. वरच्या झरोक्यातून कुणीतरी विचारतं, कोण आलं? आणि आत्या मराठीत ओरडते, "आले गं बाई, आले!" खाली येते, आजीच्या गळ्यात पडते, रडते, हसते, मग तुमच्या सगळ्यांच्या अवताराकडे बघते.

सवयीनं आई विचारते, "पाय कुठे धुवायचे?"

"धुवायचे नाहीत वहिनी, पुसायचे. फडकं तिथे आहे. हे बघ, इथे पाण्याचं जरा वेगळं असतं..." आत्या एकेक सांगू लागते. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं, चूळ भरायची ती कडुनिंबाच्या रोपात. तुम्ही पाय पुसता पुसता म्हणता, "आणि भांडी वाळूनं."

आत्या थांबते. कंदील वर करून तुमच्याकडे बघते.

"कुणी सांगितलं रे तुम्हाला?"

सगळे एकदम सांगायला लागतात. ढाणी, कुलूप, शेळी, सगळं एकात एक. ताई शेळीचा भाग स्वतःच सांगते. आत्या ऐकून घेते, आणि मग कोपऱ्यातली लहान कळशी उचलून तुमच्यासमोर ठेवते.

"बरं झालं. पहाटे पाचला नळ येतो, अर्धा तास असतो. ही तुझी. आता गच्चीवर जाऊन झोपा, बाजा टाकल्यात."